आधी वाजव, मग दे

माझं अक्षर चांगलं नाही, आणि वेलांटी पहिली की दुसरी हे मला अजून ठरवता येत नाही. चुकलं असेल तिथे वाचणाऱ्याने सुधारून घ्यावं. चौथीनंतर मी सामानाच्या याद्या सोडून काही लिहिलेलं नाही. ही वही कोणाला दाखवायची म्हणून मी लिहीत नाही. मनोरमा सिस्टर यंदा वारल्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्या कशा होत्या हे कुठेतरी राहावं, एवढ्यासाठी बसले आहे.

सिस्टरांकडे कोणीही गेलं की त्या आधी त्याचं मनगट धरायच्या. बसा म्हणायच्याही आधी. नजर भिंतीवरच्या घड्याळावर, दोन बोटं नाडीवर आणि तोंडाने बोलणं चालूच. गॅसची टाकी आणणाऱ्याचंही धरायच्या. लाईटचं मीटर बघायला आलेल्या माणसाला एकदा त्यांनी असंच धरून ठेवलं आणि म्हणाल्या, "मीटर कुठं पळून जात न्हाई. तुम्ही आधी बीपी दाखवून या." तो खरंच दाखवून आला. पुढच्या महिन्यात मीटर बघायच्या आधी त्याने खिशातून गोळ्यांची पट्टी काढून त्यांना दाखवली.

औसा भागातल्या सरकारी दवाखान्यांत त्यांनी सगळी नोकरी बाळंतपणं करण्यात घालवली होती. निवृत्त झाल्यावर लातूरला आमच्या गल्लीत दोन खोल्या घेऊन एकट्याच राहत होत्या. आमची गल्ली क्लासच्या पोरांची. बाहेरगावची मुलं डॉक्टर व्हायला येतात, खोल्या घेऊन राहतात आणि मेसला जेवतात. अशा दोन मेसना मी भाकऱ्या करून देते. ज्वारीच्या, रोज दीडशे तरी होतात. सिस्टरांच्या रोज दोन असायच्या.

पहिल्या दिवशी भाकरी द्यायला गेले तेव्हा त्यांनी माझंही मनगट धरलं.

"पळत आलीस?"

"नाही."

"मग कोणाला भिलीस? मला?"

मी खाली बघितलं. मला अनोळखी माणसाशी बोलता येत नाही, लहानपणापासून तसंच आहे. सिस्टर घड्याळाकडे बघत म्हणाल्या, "बाई उभी हाय खांबासारखी अन् नाडी चाललीय घोड्यासारखी. नाव काय?"

"मंगल."

"मंगल, भाकरी जरा पातळ कर. मला दात कमी हायत."

त्यांच्या बाहेरच्या खोलीत एक जुना फोटो होता. पांढऱ्या साडीतली तरणी बाई, मांडीवर गिटार. रोज डबा ठेवताना माझी नजर तिकडे जायची. महिनाभराने सिस्टर म्हणाल्या, "काय बघतीस गं रोज? मी दिसायला बरी होते म्हणून?" मी हळूच विचारलं, "हे तुम्ही वाजवायचा?" त्या म्हणाल्या, "वाजवायचे. प्रार्थनेला, लग्नाला, नर्सच्या होस्टेलात. आता बोटं बग." त्यांनी हात पुढे केले. बोटांचे सांधे सुजून गाठी झाल्या होत्या, मूठसुद्धा वळत नव्हती.

मग मी त्यांना जे सांगितलं ते आधी कोणाला सांगितलं नव्हतं. किल्लारीजवळचं आमचं गाव भूकंपात गेलं तेव्हा मी चौथीत होते. आम्ही टिनाच्या शेडमध्ये राहायचो. बाहेरून मदतीला आलेल्या लोकांत एक बाई होती. ती संध्याकाळी पोरांना गोळा करून गिटार वाजवायची. तिची भाषा आम्हाला कळत नव्हती. जायच्या दिवशी तिने गिटार पोरांच्या हातात दिली, वाजवून बघा म्हणून. पुढे बसलेल्यांनी वाजवली. मी मागे होते. माझ्यापर्यंत येईतो तिची जीप निघाली. पुढे शाळा सुरू झाली, पण धाकट्या भावाला सांभाळायला मला घरी ठेवलं. एवढंच.

सिस्टरांनी ऐकून घेतलं. डबा घेतला आणि आत गेल्या. मला वाटलं, आपण उगीच बोललो.

मे महिन्यात आमच्या गल्लीत बाजारच भरतो. परीक्षा झाली की पोरं गावी निघतात आणि गाद्या, कूलर, टेबल, पुस्तकांचे गठ्ठे दारात मांडून विकतात. त्या वर्षी एका दारात कूलरला टेकवून एक गिटार ठेवली होती. सिस्टरांनी मला हाताला धरून तिकडे नेलं. मुलाचे वडील न्यायला आले होते. ते म्हणाले, "दोन हजार."

सिस्टरांनी गिटारच्या भोकातून आत बघितलं. "आत तर काहीच न्हाई. पोकळ वस्तूचे दोन हजार?"

"बाई, गिटार पोकळच असती."

"मग भरीव असल्यागत भाव कशाला सांगता? तार एक न्हाई. मान वाकलीय. अन् तुमचा हात द्या बघू." त्यांनी त्या माणसाचं मनगट धरलं. "नाडी लई जलद हाय. उन्हात भाव करत उभं राहू नका. पंधराशे घ्या अन् सावलीला बसा."

मुलाच्या वडिलांनी पंधराशे घेतले. माझ्याजवळ तीनशे होते. बाराशे सिस्टरांनी पेन्शनमधून घातले. गिटार माझ्या हातात दिली आणि तिथेच, रस्त्यात, अट घातली.

"हे दान न्हाई. पन्नास-पन्नासचे चोवीस हप्ते. पण नुसती नोट ठेवून जायचं न्हाई. दर हप्त्याला मी सांगीन ते वाजवून दाखवायचं. वाजलं तर नोट घेईन. न्हाई वाजलं तर नोट परत घेऊन जायचं. आधी वाजव, मग दे."

मी मनात म्हटलं, चोवीस आठवडे म्हणजे दिवाळीच्या आसपास फिटेल.

पहिला हप्ता होता एकाच तारेचा. एक तार, एक बोट, दहा वेळा स्वच्छ आवाज. तीन आठवडे माझी नोट परत आली. तार नुसती खर्र करायची. सिस्टर म्हणायच्या, "वाजलं का? न्हाई. मग बोट कुठं हाय तुझं? नाडी शोधतात तसं शोध. दाबून नाडी सापडत न्हाई, जागा सापडली की आपोआप लागती." त्यात ही गिटार हलक्या प्रतीची. तारा फळीपासून इतक्या वर की बोटाच्या टोकाला चरे पडायचे. सकाळी त्याच बोटांनी ज्वारीचं पीठ आधणाच्या पाण्यात मळायचं. डोळ्यांतून पाणी यायचं. हळद लावू का विचारलं तर म्हणाल्या, "कायबी लावू नको, कोरडं ठेव. उजव्या तळव्याला भाकरीनं घट्टे दिलेत ना? डाव्या बोटांना ही देईल." मग एक दिवस त्यांनी तारा सैल करायला लावल्या, ज्या पट्टीवरून तारा जातात ती पांढरी पट्टी काढायला सांगितली आणि मागच्या दारच्या शहाबादी फरशीवर मला ती घासायला बसवलं. थोडं घासायचं, लावून बघायचं, परत घासायचं. "एकदम घासलीस तर संपलं, वाढवता येत न्हाई," एवढं त्या चार वेळा म्हणाल्या. तारा खाली आल्या आणि माझी बोटं वाचली.

विकत काही आणायचं नाही हा त्यांचा बाणाच होता. तारा छेडायची चकती बाजारात मिळते. त्यांनी जुन्या एक्स-रेच्या फिल्मचे दोन तुकडे माझ्याकडून कापून एकावर एक चिकटवून घेतले. "कोणाचा तरी गुडघा हाय हा. सांभाळून वाजव." सूर वर चढवायला गिटारच्या मानेवर एक चिमटा लावतात, त्याच्या जागी आम्ही पेन्सिल आडवी ठेवून रबरबँडने आवळायचो.

खरी अडचण अक्षरांची होती. तीन-चार तारा एकदम दाबून जे सूर निघतात त्यांना इंग्रजी अक्षरांची नावं आहेत. मी माझ्या मुलीच्या फोनवर शिकवणाऱ्यांचे व्हिडिओ बघितले. तो माणूस भरभर अक्षरं सांगत होता. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असायची आणि मी चौथीत थांबले. सिस्टरांना अक्षरं यायची, पण बोटं वाकवून दाखवता येत नव्हतं. त्या हसल्या. "तुला ए-बी-सी न्हाई, मला बोटं न्हाईत. बरी जोडी जमली. चौथीपर्यंतच्या शब्दात बसवू सगळं."

मग त्यांनीच नावं पाडली. दोन बोटं शेजारी बसतात ती 'दोघी'. तीन बोटं एका ओळीत उभी राहतात ती 'रांग'. एकेक पायरी उतरणारी तीन बोटं म्हणजे 'जिना'. त्रिकोण झाला की 'समोसा'. या टोकाच्या तारेपासून त्या टोकाच्या तारेपर्यंत हात ताणायचा ती 'वलणी', कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी. आणि एक बोट सहाही तारांवर आडवं पाडायचं, दाराच्या कडीसारखं, ती 'कडी'. खाटेवर बसून त्या नुसतं म्हणायच्या, "दोघी. जिना. आता वलणी. अगं वलणी, जिन्यावरच काय बसलीस?" आणि माझी बोटं पळायची.

उजव्या हाताला मात्र त्यांनी कधी काही शिकवलं नाही. "तू दीडशे भाकऱ्या थापतीस रोज. थापताना एक तरी थाप मागं-पुढं होती का? तसंच हाण."

आमच्या घरी माझे मालक दाल मिलमध्ये कामाला आहेत. ते म्हणायचे, "आता भाकऱ्या बंद करून आर्केस्ट्रा काढणार का?" पण एकदा बारीक तार तुटली तेव्हा काही न बोलता दुसरी घेऊन आले. कागद सोडून बघते तर सगळ्यात जाड तार. मी म्हटलं, "बारीक तुटली होती." ते म्हणाले, "दुकानदारानं इचारलं कितवी. म्हटलं, तुटणार न्हाई अशी दे." सिस्टरांना हे सांगितलं तर त्या खाटेवर आडव्या होऊन हसल्या. नंतर कितीतरी दिवस मालक दिसले की विचारायच्या, "काय मग, तार टिकली का?"

त्या कौतुक करत नसत. माझं नाही, कोणाचंच नाही. भाकरी जाड झाली तर परत पाठवायच्या. शेजारणीशी नळाच्या पाण्यावरून दोन वर्षं अबोला धरला होता. 'कडी'च्या हप्त्याला मला चार महिने लागले. मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "सिस्टर, हे माझ्याच्यानं होणार नाही." त्या शेंगा निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "हजार बायकांनी माझ्यापुढं हेच म्हटलंय. कळ आली की म्हणायच्या, सिस्टर मी मरते. मी म्हणायची, आधी जोर लाव, मग मर." त्या आठवड्यात कडी लागली. त्यांनी नोट घेतली, उशीखाली ठेवली आणि दुसरी शेंग उचलली.

तेविसाव्या हप्त्याला त्यांनी मला स्वतःची चाल शिकवली. अडलेली बाई ओरडत असली की त्या तिच्या पाठीवर हात फिरवत ती गुणगुणायच्या. शब्द नव्हतेच. मी विचारलं, "कुठली हो ही?" "कुठली न्हाई. तोंडातून निघायची. बायका गप व्हायच्या म्हणून ठेवली." ती दोघी, जिना, वलणी, समोसा या चारांत बसते. मला ती आठ दिवसांत आली. नोट देऊन झाल्यावर मी म्हटलं, "आता एकच राहिला."

"हाव. शेवटचा. हीच चाल, पण चार माणसांसमोर."

मी उठून उभी राहिले.  घरीसुद्धा मी दार लावून वाजवायची. पुढच्या आठवड्यात मी नोट घेऊन गेले आणि म्हटलं, "तुमच्यासमोर दोनदा वाजवते." त्यांनी नोट माझ्या हातात परत दिली. असं आठ महिने चाललं. त्यांनी मला समजावलं नाही, रागावल्या नाहीत, फक्त नोट परत द्यायच्या. एकदा त्यांनी गल्लीतल्या चार बायका चहाला बोलावून बसवल्या, ज्या शेजारणीशी अबोला होता तिलाही. मी दारातून ते बघितलं, डबा उंबऱ्यावर ठेवला आणि पळाले. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "अर्धा किलो साखर गेली माझी. अन् त्या बाईशी बोलावं लागलं ते येगळंच."

मग त्या न्हाणीत पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. त्यांची भाची शोभा नांदेडला असते, ती गाडी करून त्यांना घेऊन गेली. गाडीत घालताना सगळी गल्ली गोळा झाली होती. मी मागे उभी होते. बोलायचं खूप होतं, पण माणसं होती.

महिन्याभराने मालक म्हणाले, "पन्नास रुपयांचं काय घेऊन बसलीस? फोनवरून पाठव की." मुलीने शोभाच्या नंबरवर पन्नास रुपये पाठवले. तासाभरात ते परत आले. पाठोपाठ फोनवर सिस्टरांच्या आवाजातला निरोप आला, आवाज बारीक झालेला: "मंगल, पैसे आले. वाजवणं आलं न्हाई. म्हणून परत केलेत."

दिवाळीनंतर शोभाचा फोन आला. "ताई, आत्या जेवण सोडून राहिल्या. डॉक्टर काही नीट सांगत नाहीत. यायचं असंल तर या रविवारी या. आमच्या घरी प्रार्थना असते, दहा-बारा लोक येतात. आत्या म्हणून राहिल्या, तिला लोक असतात हेबी सांग, मग यायचं का न्हाई ते तिचं ती ठरवील."

दोन दिवस मला जेवण गेलं नाही. नाही गेले तर सिस्टर भेटणार नाहीत. गेले तर दहा-बारा लोक. शनिवारी संध्याकाळी मेसवाल्यांना सांगितलं, उद्या भाकरी मिळणार नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सांगितलं. मुलीने जुन्या चादरीची खोळ शिवून दिली, तीत गिटार घातली आणि पहाटेची नांदेडची एसटी धरली. कंडक्टर म्हणाला, "मावशी, हिचं अर्धं काढू का?" सगळी गाडी हसली. एरवी मी मेले असते. त्या दिवशी मी म्हटलं, "मांडीवर बसंल ती." आणि माझं मलाच नवल वाटलं.

शोभाच्या घरी पुढच्या खोलीत सतरंजी अंथरली होती. भिंतीला लागून खाट, खाटेवर सिस्टर. मी ओळखलंच नाही. हात काडीसारखे झाले होते, डोळे तेवढे तेच. लोक जमले होते. त्यांच्यात गिटार वाजवणारे एक गृहस्थ होते, बँकेतून निवृत्त झालेले. प्रार्थना झाल्यावर शोभा म्हणाली, "आता लातूरच्या ताई वाजवतील." ते गृहस्थ प्रेमाने म्हणाले, "वा! मी साथ करतो. कोणत्या कॉर्डपासून?"

मी म्हटलं, "दोघी."

"अं?"

"दोघी. मग जिना, वलणी, समोसा."

खोलीत हसू फुटलं. एक मुलगी तर तोंडावर ओढणी धरून हसली. माझे कान तापले. दार माझ्यापासून चार पावलांवर होतं आणि मी दाराकडेच बघत होते. तेवढ्यात खाटेवरून आवाज आला, "ओ साहेब, हसता काय? तुमच्या इंग्रजीत त्याला ई मायनर म्हणतात. आमच्यात दोघी म्हणतात. बोटं तीच हायत. ती लातूरहून आलीय, तिला वाजवू द्या."

ते गृहस्थ वरमले आणि त्यांनी आपली गिटार खाली ठेवली. मी वाजवायला लागले. बोटं घामाने घसरत होती. मध्येच जिन्याचं एक बोट सुटलं आणि तार खर्र झाली. मी तशीच पुढे गेले आणि संपवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सिस्टरांनी डोळे मिटले होते.

"जिना घसरला," त्या म्हणाल्या.

"हो."

"परत."

शोभा म्हणाली, "आत्या, असू द्या की आता. इतक्या लांबून आल्या."

"तू गप. परत, मंगल."

मी पदराला हात पुसले. आता कोण बसलंय, कोण हसलं, काही बघितलं नाही. भाकरी थापताना मान खाली असते तशी घातली आणि वाजवलं. चाल दोनदा फिरली. दुसऱ्या फेरीत सिस्टर गुणगुणायला लागल्या. आवाज जेमतेम येत होता. खोलीत एक म्हाताऱ्या बाई होत्या, त्यांनी एकदम डोळ्यांना पदर लावला. त्यांचं बाळंतपण सिस्टरांच्याच हातचं होतं हे मला नंतर शोभाने सांगितलं. या वेळी एकही तार खर्र झाली नाही.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सिस्टरांनी डोळे उघडले आणि तळवा पसरला.

"दे."

मी कमरेच्या बटव्यातून पन्नासची नोट काढून त्यांच्या तळव्यावर ठेवली. बोटं वळत नव्हती, म्हणून त्यांनी दुसऱ्या हाताचा पंजा त्यावर ठेवून ती धरली.

"कितवा गं हा?"

"चोविसावा."

"म्हंजे बाराशे पुरे झाले. आता मला इचारून वाजवायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "शोभा, नोट आत ठेव. आता मंगलकडं माझं काय न्हाई."